कॅडच्या भूमितीत पीएचडी: विषय संपलाय, की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही?

विश्रामबाग_मेक:

नमस्कार मंडळी. मेकॅनिकलमध्ये एम.टेक. झालंय, सध्या सांगलीत शिकवतो. कॅड पॅकेजेस नीट येतात, मॅटलॅब बऱ्यापैकी, सी++ जेमतेम. पीएचडी भूमिती-संगणनात करावी असं डोक्यात आहे. म्हणजे वक्र, पृष्ठभाग, सॉलिड मॉडेलिंग, त्यामागचं गणित आणि अल्गोरिदम. पण ज्याला विचारावं तो म्हणतो, "कॅडमध्ये आता काय राहिलंय? एआयचं काहीतरी बघा."

या विषयात जन्म काढणारे प्राध्यापक नेमकं करतात काय? पेपरांच्या याद्या चाळल्या तर एकाच माणसाच्या नावावर स्प्लाइन (तुकडे जोडून केलेले गुळगुळीत वक्र), टूलपाथ (कापणाऱ्या हत्याराची वाट), फीचर ओळखणं (मॉडेलमधली भोकं, खाचा शोधणं), मेश (त्रिकोणांची जाळी) असं सगळं दिसतं. त्यात धागा कुठला? दुसरं म्हणजे मोठ्या लॅबमध्ये नसताना इथे बसून हात घालता येईल असा प्रश्न कोणता? कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांशी कॉलेजचा संपर्क आहे, कास्टिंगची (ओतीव भागांची) मॉडेल्स मिळू शकतात. आणि हे नोकरी सांभाळून जमतं का?

"खूप स्कोप आहे" छाप उत्तरं नकोत, प्लीज.

वक्रतुंड:

विषय संपला असता तर साधा फिलेट (कोपऱ्याची गोलाई) मारताना महागातलं सॉफ्टवेअर अजून हात वर करत नसतं.

धागा विचारलात, तर तो असा: आकार अचूक असतो, गणित करणारं यंत्र मोजक्या अंकांत चालतं, आणि या दोघांचं कधीच पूर्ण जमत नाही. एक उदाहरण घ्या. बायक्युबिक पॅच म्हणजे दोन्ही दिशांना तिसऱ्या घाताचा, रोजच्या वापरातला पृष्ठभाग. त्याचं समीकरण एक्स-वाय-झेडमध्ये मांडलं तर ते १८ व्या घाताचं होतं. असे दोन पॅच एकमेकांना छेदले की त्यांचा छेदवक्र निघतो ३२४ व्या घाताचा. तो तसाच्या तसा कुठलाही कर्नल (कॅडच्या पोटातलं भूमितीचं इंजिन) साठवत नाही. अवकाशात एक अंदाजी वक्र, आणि दोन्ही पॅचच्या यूव्ही-पटलावर (पॅचच्या स्वतःच्या सपाट नकाशावर) आणखी एकेक अंदाजी वक्र ठेवतो. तिन्ही तंतोतंत जुळत नाहीत. मधल्या फटीला टॉलरन्स म्हणायचं आणि पुढे जायचं. सॉलिड मॉडेलिंगमधल्या निम्म्या भानगडी या फटीतून निघतात.

आता माणसं कशी काम करतात ते बघा. अॅरिस्टाइड्स रेक्विशा रॉचेस्टरला हर्बर्ट व्होल्कर यांच्याबरोबर पॅडल नावाच्या सॉलिड मॉडेलरवर काम करत होते. त्यांचा मूळ प्रश्न पोरकट वाटावा इतका साधा: संगणकात "घन वस्तू" म्हणजे काय? दोन ठोकळे फक्त एका फेसवर (बाजूवर) चिकटलेले आहेत, त्यांचा छेद काढला तर साध्या संचगणितात नुसता जाडी नसलेला पापुद्रा उरतो. त्याला वस्तू म्हणायचं का? त्यांनी नियमित संच (ज्यांत असे पापुद्रे नसतात) आणि नियमित बूलियन क्रिया (जोडणं, वजा करणं, छेद) मांडल्या. त्यात या छेदाचं उत्तर रिकामा संच येतं. १९८० चा त्यांचा घनवस्तूंच्या निरूपणावरचा लेख आजही पहिल्या आठवड्यात वाचायचा. पुढे फीचर ओळखण्यातही त्यांचं काम आहे आणि नंतर ते सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात नॅनोरोबोटिक्सकडे वळले. विषय बदलले, पण "यंत्राला आकार कळण्यासाठी किमान काय साठवावं लागतं" हा प्रश्न सगळीकडे दिसतो.

दुसरं टोक म्हणजे रिदा फारुकी. १९९० मध्ये साक्कालिस यांच्याबरोबर त्यांनी पायथागोरियन होडोग्राफ वक्र मांडले आणि पुढची कित्येक वर्षं तीच कल्पना सीएनसीपर्यंत (संगणकाने चालणाऱ्या मशिनपर्यंत) नेली. तुमच्या फाउंड्र्यांशी याचा थेट संबंध आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कास्टिंगचं मॉडेल करताना दोन अलाउन्स (मापात ठेवायची वाढ) द्यावे लागतात. आटण्याचा, म्हणजे ग्रे आयर्नला साधारण १ टक्का. हे नुसतं १.०१ ने गुणणं आहे. नर्ब्सचे (कॅडमधल्या नेहमीच्या वक्र-पृष्ठभागांचे) कंट्रोल पॉइंट, म्हणजे आकार ओढून धरणारे बिंदू, गुणले की झालं. वेट (बिंदूंचे भार) आणि नॉट (तुकडे जुळतात तिथली पॅरामीटरची मूल्यं) जागेवर राहतात आणि उत्तर अचूक येतं. मशिनिंगचा अलाउन्स, समजा ३ मिमी, ही मात्र ऑफसेटची, म्हणजे ठरावीक अंतर लंब दिशेने सरकवण्याची क्रिया. वक्राचा ऑफसेट काढायला एकक लंब लागतो, त्यात √(x'² + y'²) येतं, आणि वर्गमूळ आलं की वक्र परिमेय (बहुपदींच्या भागाकाराचा) राहत नाही. म्हणजे नर्ब्सचा ऑफसेट सहसा नर्ब्स नसतो, तो कायम अंदाजानेच बसवतात. फारुकींनी उलटीकडून सुरुवात केली: x'² + y'² हाच एखाद्या बहुपदीचा पूर्ण वर्ग असेल असेच वक्र घेऊ. x' = u² − v², y' = 2uv घ्या, मग वर्गमूळ आपोआप u² + v² येतं. आता ऑफसेट परिमेय, वक्राची लांबी बहुपदीत, आणि सीएनसी कंट्रोलरला फीडरेट (हत्याराचा वेग) धरून ठेवायला सोपं. किंमत अशी की तिसऱ्या घाताच्या अशा वक्राला इन्फ्लेक्शन (वळणाची दिशा उलटणारा बिंदू) देता येत नाही. म्हणून पाचव्या घाताला जावं लागतं, आणि तिथे त्याच टोकांना आणि टोकांवरच्या त्याच डेरिव्हेटिव्हना चार उत्तरं निघतात. त्यातलं नको तसं वळसा न घालणारं निवडायचं.

ऑफसेटमध्ये इतरही काटे आहेत. आतल्या कोपऱ्यात २ मिमी त्रिज्येचा फिलेट आहे आणि तिथे ३ मिमी माल वाढवला, तर त्रिज्या २ − ३ म्हणजे उणे १. पृष्ठभाग उलटा फिरून स्वतःलाच कापतो. तो फेस उडवून शेजारचे दोन वाढवून छेदावे लागतात, म्हणजे टोपोलॉजीच (कुठला फेस कुणाला जोडलाय ते) बदलते. त्याहून नेहमीचं दुखणं सपाट मशिन फेसचं: त्याच्या कडेला बाहेरचा राउंड (गोलवलेली कड) असतो आणि तो फेसला स्पर्शून जातो. फेस ३ मिमी वर उचलला की त्या राउंडचा सिलिंडर नव्या प्रतलाला शिवतच नाही, छेदच नाही तर कड कुठून येणार? राउंड काढून, भिंत वाढवून, राउंड पुन्हा मारावा लागतो. हिस्टरी (कुठल्या पायऱ्यांनी बनलं त्याची नोंद) असलेल्या मॉडेलमध्ये हे चालून जातं. फाउंड्रीकडे गिऱ्हाइकाकडून येते ती मुकी स्टेप फाइल (देवाणघेवाणीची, नुसत्या आकाराची), तिच्यात राउंड "राउंड" म्हणून नोंदलेलाच नसतो. "मुक्या मॉडेलवर निवडक फेसना वेगवेगळा अलाउन्स देणं, शेजारचे ब्लेंड (फिलेट, राउंड) ओळखून ते परत घालणं" हा पीएचडीचा धडधडीत प्रश्न आहे, आणि तो तुमच्या दारात पडलाय.

शून्य_दशांश:

वरच्या उत्तराला पुरवणी. प्रश्न निवडण्याआधी एक प्रयोग करा. तो केल्याशिवाय "रोबस्टनेस" (आकडे गोल झाले तरी अल्गोरिदम न कोसळणं) या शब्दाचा खरा अर्थ हाताला लागत नाही. संशोधनात बराच वापरला गेलेला नमुना आहे.

पायथनमध्ये तीन बिंदू घ्या. क्यू (१२, १२), आर (२४, २४), आणि पी हा (०.५, ०.५) च्या आसपास. पीला दोन्ही दिशांना ० ते २५५ पावलं सरकवायचं, एक पाऊल म्हणजे २ चा उणे ५३ वा घात. दर वेळी हे काढा: (क्यूएक्स − पीएक्स)(आरवाय − पीवाय) − (क्यूवाय − पीवाय)(आरएक्स − पीएक्स). धन आलं तर पी रेषेच्या डावीकडे, ऋण आलं तर उजवीकडे, शून्य म्हणजे रेषेवर. ६५,५३६ उत्तरांना तीन रंग देऊन चित्र काढा. मग तेच गणित फ्रॅक्शन मॉड्यूल वापरून अचूक करा.

कागदावर सोडवलंत तर ही राशी १२ × (पीवाय − पीएक्स) एवढीच उरते. म्हणजे शून्य फक्त कर्णावर, २५६ ठिकाणी यायला हवं. फ्लोटच्या (मोजक्या अंकांच्या) चित्रात मात्र कर्णावर ठोकळे-ठोकळे दिसतील आणि काही ठिकाणी चिन्ह चक्क उलटं. एक्स ५५ पावलं, वाय ४७ पावलं हा बिंदू तपासा. खरं उत्तर ऋण, फ्लोटमध्ये येतं २ चा उणे ४४ वा घात, धन. कारण सरळ आहे. ८ ते १६ मध्ये डबल (पायथनच्या फ्लोट) संख्यांचं अंतर २ चा उणे ४९ वा घात, त्यामुळे १२ मधून वजा करताना पीची पावलं १६-१६ च्या गठ्ठ्यात गोल होतात. २४ मधून वजा करताना ३२-३२ च्या. गुणाकार २७० च्या आसपास येतो, तिथे अंतर थेट ५१२ पावलांचं. बारीक फरक दोनदा गाळला जातो आणि उरतो तो गाळ.

आता हेच फंक्शन डेलॉने मेशच्या (बिंदू जोडून केलेल्या त्रिकोणी जाळीच्या) कोडच्या आत बसलेलं आहे असं समजा. एक ठिकाण म्हणतं बिंदू डावीकडे, दुसरं म्हणतं उजवीकडे. प्रोग्राम अनंत फिरतो नाहीतर मेश स्वतःवर दुमडतो. "एप्सिलॉन (एवढा फरक शून्यच धरायचा) १० च्या उणे ६ वर ठेवू" हा नेहमीचा तोडगा इथे चालत नाही, कारण अ आणि ब जवळ, ब आणि क जवळ, म्हणून अ आणि क जवळ, असं टॉलरन्समध्ये म्हणता येत नाही. जोनाथन श्यूचक यांनी १९९७ मध्ये दिलेला मार्ग असा: आधी फ्लोटमध्ये काढा, त्रुटीच्या सीमेशी ताडा, उत्तर सीमेच्या बाहेर असेल तर चिन्ह पक्कं, आत असेल तरच जास्त अंकांचं गणित करा. अवघड जागा थोड्याच असतात, म्हणून वेगही टिकतो. त्यांचा कोड खुला आहे, वाचायचा कंटाळा करू नका.

पण एक सांगून ठेवतो. हे बिंदू आणि रेषांना छान लागतं. वक्र पृष्ठभागांना लावायला गेलात की ३२४ चा घात समोर उभा राहतो. म्हणून मेशच्या जगात अचूक गणित आणि बी-रेपच्या (फेस आणि कडांनी मांडलेल्या घनांच्या) जगात टॉलरन्स, अशी वाटणी झाली आहे. या दोहोंच्या सीमेवर काम करायला बरीच जागा आहे.

सी++ जेमतेम आहे म्हणालात, तिथे आधी लागा. बी-स्प्लाइनचं मूल्य काढणं, नॉट घालणं, दे कास्टेलजोच्या रीतीने वक्र दुभागणं हे लायब्ररी न वापरता एकदा लिहा. पहिली चूक हमखास नॉट स्पॅन (पॅरामीटर कुठल्या दोन नॉटमध्ये पडतो ते) शोधताना होते: पॅरामीटर शेवटच्या नॉटइतका असेल तर तो खास प्रसंग वेगळा हाताळावा लागतो, नाहीतर अॅरेच्या बाहेर वाचलं जातं. दुसरी चूक ० भागिले ० ची, पुनरावृत्त नॉट असले की बेसिस फंक्शनमध्ये येते; तिथे ० धरायचं असा संकेत आहे. एवढं झालं की ओपन कॅस्केड किंवा सीगल या खुल्या भूमिती-लायब्रऱ्या उघडा. गणितात डिफरन्शियल जॉमेट्रीची दोन प्रकरणं, न्यूमरिकल लिनियर अल्जिब्रा पक्का, आणि ग्राफ. एम.टेक.च्या पातळीला एवढं पुरतं, बाकी प्रश्न ओढून नेतो.

विश्रामबाग_मेक:

दोघांचेही आभार, (५५, ४७) खरंच उलटा आला! एका कास्टिंगची स्टेप फाइल फ्रीकॅड या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर शेल (बाहेरचं कवच) बंद नाही असं येतंय. पाठवणाऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तीच फाइल व्यवस्थित सॉलिड आहे. फाइल खराब समजायची का? आणि फाउंड्रीवाल्यांना अलाउन्सपेक्षा जाडी आणि हॉटस्पॉटमध्ये (धातू शेवटी गोठतो त्या जागांत) जास्त रस दिसतोय.

कृष्णाकाठ:

लगेच खराब समजू नका. फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि अनसर्टन्टी मेझर विथ युनिट ही ओळ शोधा. पाठवणाऱ्याने कुठल्या अंतरापर्यंतचे बिंदू एकच धरले ते तिथे लिहिलेलं असतं. पॅरासॉलिड या बऱ्याच कॅड पॅकेजेसमधल्या कर्नलचं नेहमीचं प्रिसिजन १० चा उणे ८ वा घात, पण मीटरमध्ये. मिमीत ते उणे ५ होतं. फ्रीकॅडच्या पोटात ओपन कॅस्केड आहे, त्याचं मूळ मूल्य १० चा उणे ७ वा घात आणि मॉडेल बहुधा मिमीत. शंभरपटीचा फरक. एकाला बंद वाटलेली कड दुसऱ्याला उघडी दिसणारच.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी एकक तपासा, कारण इंच-मिमीचा घोळ असेल तर पुढचं सगळं वाया. मग शेप तपासणी चालवून कुठल्या कडा उघड्या आहेत ते बघा. त्यानंतर शिवण (सुट्या फेसच्या कडा जोडणं), तीही फाइलच्या आकड्यापासून सुरू करून दर वेळी दहापट वाढवत. एकदम ०.१ मिमीने शिवलंत तर ०.०८ मिमीच्या चिंचोळ्या फेसच्या दोन कडा एकमेकींना चिकटतात आणि फेस गायब. ओपन कॅस्केडमध्ये व्हर्टेक्सचा टॉलरन्स कडेपेक्षा आणि कडेचा फेसपेक्षा कमी असता कामा नये. हा नियम मोडला की बूलियन कोसळतं. शिवण झाल्यावर घनफळ काढून पाठवणाऱ्याच्या आकड्याशी ताडा. फरक दिसला तर कुठलातरी फेस उलटा किंवा हरवलेला आहे.

जाडीबद्दल. सॉफ्टवेअरमध्ये सहसा दोन रीती असतात. किरणाची: बिंदूपासून आत लंब सोडायचा, समोरच्या भिंतीपर्यंत अंतर मोजायचं. वेगवान आहे, पण समोरची भिंत तिरकी असेल तर जाडी फुगवून दाखवते आणि कोपऱ्यात काहीही सांगते. गोलाची: त्या बिंदूला आतून स्पर्श करणारा, बाहेर न जाणारा सर्वांत मोठा गोल. हॉटस्पॉटसाठी हीच रीत, कारण रिब (आधाराची पातळ पट्टी) आणि भिंत जिथे मिळतात तिथे गोल मोठा होतो आणि धातू तिथेच शेवटी गोठतो. फाउंड्रीतले जुने लोक ड्रॉइंगवर वर्तुळं काढून हेच बघतात.

या गोलांच्या केंद्रांचा संच म्हणजे मीडियल अॅक्सिस, ब्लम यांनी १९६७ मध्ये मांडलेला. संशोधनाच्या दृष्टीने मजा इथे आहे, कारण तो फार चंचल. पृष्ठभागावर बारीकसा फुगवटा आला की थेट त्याच्यापर्यंत नवी फांदी फुटते. कास्टिंगवरचं उठावदार अक्षर, पार्टिंग लाइनची (साच्याचे दोन भाग मिळतात त्या रेषेची) कड, सगळ्यांना फांद्या. कुठल्या छाटायच्या? अंतराने छाटलं तर पातळ रिब जाते, कोनाने छाटलं तर मंद फिलेट जातो. गोठण्याच्या दृष्टीने कुठली फांदी खरी, याचा निकष बसवता आला तर तो नुसता भूमितीचा पेपर राहत नाही. आयआयटी मुंबईत बी. रवी यांनी कास्टिंगच्या भूमितीवर काम करून ऑटोकास्ट हे सॉफ्टवेअर उभं केलं. हॉटस्पॉट आणि फीडरचा (आटताना धातू पुरवणाऱ्या साठ्याचा) विचार आपल्याकडे कुठवर गेलाय ते बघायला त्यांचे लेख आधी वाचा.

मॉडेल्स घेताना लेखी परवानगी घ्या, आणि पेपरात दाखवायची वेगळी. बहुतेक मॉडेल्स फाउंड्रीची नसतातच, त्यांच्या गिऱ्हाइकाची असतात. दाखवता येत नसतील तर मोजमापं बदलून, तीच बिघाडाची जागा शाबूत ठेवून नमुना भाग स्वतः तयार करा. तुलनेसाठी एबीसी संचात दहा लाखांच्या आसपास खुली कॅड मॉडेल्स आहेत. त्यात ओतकामासारखे भाग मात्र तुरळक, म्हणजे तुमच्याकडचे तीसचाळीस भागही किमती ठरतील.

माहुली_घाट (सातारा):

नोकरीचं विचारलंय त्याचं कोणी बोललं नाही. विद्यापीठाच्या पीएचडीला २०२२ च्या यूजीसी नियमांत अर्धवेळ चालतं, संस्थेचं ना-हरकत पत्र लागतं. किमान ३ वर्षं, कमाल ६, कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. प्रबंधाआधी पेपर छापून येण्याची यूजीसीची सक्ती त्यात नाही, पण विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली असेल तर ती पाळावी लागेल, माहितीपत्रक वाचा. आयआयटीला पूर्णवेळ जायचं तर शिक्षकांसाठीच्या क्यूआयपी योजनेत सध्या पीएचडीचे प्रवेश चालू आहेत का ते आधी विचारा.

गाइड निवडताना एकच कसोटी: त्यांच्या गेल्या पाच वर्षांच्या पेपरांत अल्गोरिदम आहे का, की तयार सॉफ्टवेअर चालवून काढलेले रंगीत काँटूर आहेत? दुसऱ्या प्रकाराला इकडे "कॅड-कॅम-सीएईमधलं संशोधन" म्हणतात. ते वाईट नाही, पण तुम्ही विचारताय ते हे नव्हे.

छापायचं कुठे: सॉलिड अँड फिजिकल मॉडेलिंगच्या परिषदेतले लेख कॉम्प्युटर-एडेड डिझाइन या नियतकालिकात येतात, जॉमेट्रिक मॉडेलिंग अँड प्रोसेसिंगचे कॉम्प्युटर एडेड जॉमेट्रिक डिझाइनमध्ये. फी भरून पंधरा दिवसांत छापणाऱ्यांच्या नादी लागू नका. समीक्षक दोन गोष्टी हमखास मागतात: पद्धत कुठे फसते ते दाखवा, आणि कोड द्या. पहिलीचं उत्तर पेपराच्या शेवटी दोन ओळींत उरकलंत की परत आलाच म्हणून समजा.

वक्रतुंड:

कृष्णाकाठ यांच्या शिवणीच्या सल्ल्यात एक भर. दहापट वाढवत जाताना दर टप्प्याला उघड्या कडांची संख्या लिहून ठेवा. ती घटत घटत एका आकड्यावर अडली आणि टॉलरन्स वाढवूनही हलली नाही, तर ती फट नाही, तिथे फेसच गहाळ आहे. पुढे शिवत राहण्यात अर्थ नाही. त्या कडांचा बंद लूप होतो का बघा, होत असेल तर तिथे नवा पॅच भरा. लूप सपाट असेल तर काम पाच मिनिटांचं. वाकडा असेल तर चारही बाजूंची स्पर्शदिशा शेजाऱ्यांशी जुळवून भरायचा, आणि तिथे कोपऱ्यातल्या ट्विस्टवर (पृष्ठभागाच्या पिळावर) गाडी अडते. अडली की इथेच विचारा, फाइलचा तेवढा तुकडा कापून टाका म्हणजे झालं.